अल्बिनची फुली

मे महिनाभर गावाला रोज सकाळी एक हिरवी होडी दोन पायांवर चालत जाताना दिसत होती. टपालवाल्याने पहिल्या दिवशी गाडी थांबवून पाहिलं, दुसऱ्या दिवशी नुसता हात केला आणि तिसऱ्या दिवशी मात्र खाली वाकून होडीच्या आत डोकावत विचारलं, "मिल्का, तूच ना गं आत?"

"नाही, माझी सासू," आतून आवाज आला. "पत्रं पायरीवर ठेव आणि वाटेतून बाजूला हो. मला झटकन वळता येत नाही."

मिल्का मावेक बासष्ट वर्षांची होती. त्यातली एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती, त्यामुळे मागे न बघता चाळीस पोरांना गप्प करणं तिच्या हातचा मळ होता. पण डोक्यावर लोकरीच्या टोपीहून जड काही तिने कधी घेतलं नव्हतं. आता ती देवदाराच्या फासळ्यांची, कॅनव्हास ताणून हिरवा रंग दिलेली, पस्तीस किलोंची होडी उलटी करून तिचं लाकडी जू खांद्यावर घ्यायची आणि मागच्या गल्लीतून चर्चपर्यंत जाऊन परत यायची. पहिल्या दिवशी ती विजेच्या तिसऱ्या खांबापर्यंत पोचली, तिथेच कुणाच्या तरी हिरवळीवर बसली आणि तिने आपल्या दिराला मनसोक्त शिव्या दिल्या.

कारण हा सगळा उपद्व्याप त्या दिरामुळे चालला होता.

सिरिल मावेक मार्चमध्ये तिच्याकडे कॉफीला आला होता. अक्रोड भरलेल्या पोटीत्सा या गोड पावाचे तीन काप त्याने खाल्ले, चौथ्याकडे बघितलं आणि मग खिडकीतून मागच्या शेडकडे बघितलं.

"लाकडी होडी टांगून ठेवली की वाळते, वहिनी. तडकते. तिला पाणी लागतं."

"मला कॉफी लागते. तुझ्या बाजूला आहे किटली, दे इकडे."

"माझ्या बापाने बांधलीय ती."

"आणि तुझ्या बापाने ती तुझ्या भावाला दिली. माझ्या अल्बिनला."

"अल्बिन मासे आणायचा म्हणून दिली." सिरिलने चौथा काप उचलला. "त्याला जाऊन दोन वर्षं झाली. तू काय करणार तिचं? फुलं लावणार?"

हे मिल्काला फार झोंबलं, कारण तिच्या मनात खरोखरच एकदा होडी अंगणात ठेवून त्यात पेटुनिया लावायचा विचार येऊन गेला होता. माणूस खरं बोलला की जास्त राग येतो. तिने कप आपटला.

"या जूनमध्ये मी येते टिनकप तळ्यावर. ही होडी घेऊन. तिसऱ्या दिवसाचं जेवण मी घालते तुला, वॉलआय माशाचं. नाही घातलं तर होडी तुझी, ने उचलून."

"कबूल," म्हणत सिरिलने हात पुढे केला. तो इतक्या चटकन आला, की तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

तिसऱ्या दिवसाच्या जेवणाची गोष्ट अशी, की मावेकांच्या सहलीत त्या दुपारचा शिधा न्यायचाच नाही, असं त्यांच्या बापाच्या वेळेपासून ठरलेलं होतं. बटाटे, कांदे, मक्याचं पीठ आणि डुकराची चरबी एवढंच न्यायचं, बाकीचं तळ्याने द्यायचं. आणि तळ्याने द्यायचं म्हणजे वॉलआय. काचेच्या गोटीसारख्या डोळ्यांचा, सोनेरी अंगाचा हा मासा उन्हाला नाकं मुरडतो. दिवसभर तळाशी दडी मारून बसतो आणि अंधुक उजेडात उथळ खडकांवर चरायला येतो. त्याच पाण्यात बासही असतो, स्मॉलमाउथ बास, अंगाने आडदांड, गळाला लागला की हवेत कोलांट्या मारणारा. बाहेरगावचे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. मावेकांच्या घरात मात्र बासला कोणी मासा म्हणत नाही. तो पाहुण्यांनी पकडायचा आणि सोडून द्यायचा.

अल्बिनने अठ्ठावीस वर्षं दर जूनमध्ये टिनकपच्या वॉलआयनी भावाचं ताट भरलं होतं. कुठे पकडतो, हे त्याने कधी सांगितलं नाही. त्या मुलुखात माणूस आपला पगार सांगेल, आजार सांगेल, दारू किती पितो तेही सांगेल. माशाची जागा सांगणार नाही. पण तो गेल्यावर त्याच्या गळांच्या पेटीत मिल्काला प्लॅस्टिकमध्ये घातलेला नकाशा सापडला होता, आणि त्यात टिनकपच्या पश्चिमेकडच्या खाडीत लाल पेन्सिलीने ठळक फुली मारलेली होती. त्या फुलीच्या जोरावर तर तिने एवढी मोठी पैज मारली होती.

होडी तिला हवी होती, कारण वार्निश, मासे आणि तंबाखू असा मिळून जो अल्बिनचा वास होता तो आता फक्त त्या होडीत उरला होता. शर्ट तिने धुऊन टाकले होते, आणि त्याचा तिला पश्चात्ताप होत होता. आणखी एक सल होता. अल्बिन दरवर्षी तिला म्हणायचा, "येतेस? फक्त पहाटे लवकर उठायचं." आणि ती दरवर्षी म्हणायची, "वर्षभर साडेचारला उठून बस काढते मी. सुट्टीत मी झोपणार. पुढच्या वर्षी बघू." अशी अठ्ठावीस वर्षं बघण्यात गेली.

होडीत पुढे बसायला तिने शेजारणीला पटवलं. सिग्ने हॉगन सहासष्ट वर्षांची, उंच, हाडापेराने मजबूत, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. गळाला लावायच्या जळवांचा डबा तिने उघडून पाहिला आणि म्हणाली, "तीस वर्षं शाळेच्या मोऱ्या साफ केल्यात. यांना काय घाबरायचंय?"

टिनकपला पोचायला तीन तळी आणि तीन पोर्टेज लागतात. पोर्टेज म्हणजे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्याकडे जाणारी रानवाट. तिच्यावर होडीने माणसाला न्यायचं नसतं, माणसाने होडीला न्यायचं असतं. सिरिलची होडी नव्या जातीची, पिवळी, जेमतेम सतरा किलोंची. ती डोक्यावर टोपीसारखी घालून तो शीळ वाजवत पुढे निघून गेला. मिल्काच्या मागे सामानाची पाठपिशवी घेतलेली सिग्ने चालत होती आणि तिला धीर देत होती.

"डावीकडे झाड आहे. आता उजवीकडे झाड आहे. मिल्का, सगळीकडे झाडंच आहेत गं."

"डास आहे माझ्या नाकावर."

"मग मार की."

"दोन्ही हातांनी होडी धरलीय मी!"

शेवटची वाट सगळ्यांत लांब आणि चिखलाची. मिल्का दोनदा टेकली, एकदा गुडघ्यापर्यंत रुतली, पण होडी तिने खाली पडू दिली नाही. पलीकडच्या काठावर सिरिल सफरचंद खात बसला होता. तिला बघून त्याचं चावणं क्षणभर थांबलं. त्याला वाटलं होतं, या वाटेवर तरी वहिनी हात टेकेल आणि आपल्याला बोलावेल.

"घामाने रंग खराब होईल होडीचा," तो म्हणाला. "सांभाळून."

टिनकपच्या मुक्कामाची जागा म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सपाट गुलाबी खडक आणि मागे पाइनची दाटी. सिरिलने आपला तंबू नेहमीच्या जागी, अगदी पाण्याच्या कडेला ठोकला, कारण तिथे वारा लागतो आणि डास कमी येतात. बायकांनी आपला मागे झाडांत ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी-नाश्ता आटोपून दोघी पश्चिमेच्या खाडीत गेल्या. खाडी मुक्कामापासून दिसत नव्हती. मध्ये खडकाचं एक लांब टोक पाण्यात शिरलेलं होतं, त्याला वळसा घालून जावं लागायचं. मिल्काने नकाशा मांडीवर घेतला, बेट बघितलं, पडकं झाड बघितलं, आणि बरोबर फुलीवर होडी आणली. अल्बिनचा नांगर म्हणजे जाळीच्या पिशवीत घातलेला एक गोल धोंडा. त्याच्या दोरीला एके ठिकाणी लाल लोकरीची गाठ होती. ती लोकर मिल्काने लगेच ओळखली. अल्बिनच्या मोज्यांसाठी आणलेली होती आणि गुंडा अर्धा झाल्यावर कुठे गायब झाला, यावरून घरात दोन दिवस अबोला होता.

"चोर कुठला," ती म्हणाली आणि तिने नांगर सोडला. दोरी गेली, लाल गाठ गेली, आणखी दोरी गेली. सगळी संपली तरी धोंडा तळाला टेकला नाही.

"खोल आहे बाई," सिग्ने म्हणाली आणि तिने काठाजवळच्या खडकांकडे गळ फेकला. लगेच काठी वाकली, तंगूस करकरला आणि पाण्यातून एक तपकिरी मासा हातभर उंच उडाला.

"मिल्का! मिल्का! हा बघ केवढा!"

"बास आहे."

"असू दे ना! काय नाचतो!"

सिग्नेने दुपारपर्यंत अकरा बास पकडले. प्रत्येकाशी ती दोन शब्द बोलली आणि प्रत्येकाला पाण्यात सोडलं. मिल्काने सात पकडले आणि एकाशीही बोलली नाही. वॉलआयचं नाव नाही. संध्याकाळी उजेड उतरल्यावर त्या पुन्हा गेल्या, तेव्हाही बासच. आनंदात न्हालेली मैत्रीण होडीत समोर असताना रडकुंडीला येणं हे फार एकटेपणाचं काम असतं.

परत आल्या तेव्हा सिरिल त्यांच्या होडीची वाट बघत काठावर उभा होता. त्याने मदतीला हात लावला, होडी वर ओढली आणि मग तिच्या कडेवरून प्रेमाने तळवा फिरवला.

"मी लाल रंग देईन म्हणतो हिला," तो म्हणाला. "हिरवा पाण्यात उठून दिसत नाही."

"अजून उद्याची दुपार व्हायचीय, सिरिल."

"व्हायचीय ना. कांदे-बटाटे पण चांगले लागतात, वहिनी. तू जिवाला लावून घेऊ नकोस."

शेकोटीपाशी बसल्यावर त्याची जीभ आणखी सैल झाली. अल्बिनची आठवण काढून तो म्हणाला, "मी आठला उठायचो, कॉफी चढवायचो, आणि बरोबर कॉफी उकळायच्या वेळेला साहेब त्या टोकामागून यायचे. वल्हं मारायची ऐट बघायची होती. दोरीत पाच-पाच वॉलआय ओवलेले."

"जायचा किती वाजता?" मिल्काने विचारलं.

"कोण बघतो? मी झोपलेला असायचो."

सिग्ने आणि मिल्का तवा घासायला झाडांकडे गेल्या. जूनमधला उजेड इतका लांबतो की जेवण होऊन तासभर झाला तरी एकमेकींचे चेहरे दिसत होते.

"माझी जरेनियमची कुंडी ओट्यावरच राहिली," सिग्ने म्हणाली. "गारठ्याने मरेल ती. तुझी किल्ली अजून तिच्याखालीच आहे ना गं?"

"असणार. अल्बिनने ठेवली तशीच आहे."

"कमाल होती त्याची. घर तुमचं, दार तुमचं, किल्ली माझ्या कुंडीखाली. म्हणायचा, चोर आला तर आमच्या पायपुसण्याखाली शोधेल. शेजारणीकडे कशाला बघेल?"

मिल्का हसली. "नाताळात माझी भेटवस्तूही तुझ्याच कपाटात असायची. आणि डॉक्टरांनी बंद केलेली बाटली, माहितीये कुठे सापडली? सिरिलच्या गॅरेजमध्ये. रंगाच्या डब्यांमागे. सिरिलला पत्ताच नाही. रोज त्याच्याच घरी जाऊन पिऊन..."

तिचा हात तव्यावरच थांबला.

"काय झालं?" सिग्नेने विचारलं.

मिल्का काठाकडे बघत होती. तिथे सिरिल आपल्या तंबूची दोरी ताणत होता. तंबूसमोरचा गुलाबी खडक उतरत उतरत पाण्याखाली गेला होता, आणि त्याच्या पुढच्या पाण्यावर वाऱ्याची बारीक कुरकुर चालली होती.

"सिग्ने," ती हळूच म्हणाली, "अल्बिनने आयुष्यात कुठलीही वस्तू आपल्या जागी लपवली नाही. मग फुली तरी खऱ्या जागी कशाला मारेल?"

पहाटे चारला दोघींनी होडी हातांवर उचलून पाण्यात ठेवली. लाकूड खडकाला घासलं तर सगळा मुक्काम जागा होतो, हे मिल्का एका दिवसात शिकली होती. तळ्यावर धुकं होतं. लांबवर एक लून पक्षी ओरडला. सिरिलच्या तंबूतून संथ, खोल, भरदार घोरणं ऐकू येत होतं.

"हे चालू आहे तोवर आपण बिनधास्त," मिल्का कुजबुजली.

खडकाजवळ तिने धोंडा सोडला. तो लगेच टेकला. लाल गाठ तिच्या हातातच राहिली. चार वल्ही पुढे गेल्यावर तिने पुन्हा सोडला. आता दोरी सरसर गेली आणि धोंडा टेकला तेव्हा लाल लोकर बरोबर पाण्याच्या पातळीवर भिजत होती. अल्बिनने गाठ मारली होती ती याच खोलीसाठी. मिल्काने मान वर करून पाहिलं. समोर चाळीस पावलांवर सिरिलचा तंबू होता.

तिला हसू फुटलं. आवाज होऊ नये म्हणून तिने बाही तोंडात कोंबली, तर खांदे हलायला लागले आणि होडी डुलायला लागली.

"बुडवशील मला," सिग्ने दातांतून म्हणाली. "जळू लाव आधी."

जळू तळाशी पोचते न पोचते तोच तंगूस जड झाला. बासचा झटका नाही, उडी नाही. खालून कुणीतरी शांतपणे हात धरून ओढावं तशी ओढ. मिल्काने रीळ फिरवलं. धुक्यात एक सोनेरी पोट वर आलं, आणि दोन काचेचे डोळे तिच्याकडे बघत राहिले.

तो तिचा पहिला वॉलआय. दुसरा सिग्नेला लागला. तिने सवयीने त्याच्याशी बोलायला तोंड उघडलं आणि मिल्काने तिच्याकडे असं पाहिलं, की तीस वर्षांपूर्वीची बसमधली पोरंही गप्प झाली असती. तिसरा मासा होडीत पडताना शेपटी आपटून खणखण वाजला आणि तंबूतलं घोरणं थांबलं.

दोघी दगडासारख्या बसल्या. मिल्काने त्या माशाला मांडीखाली दाबून धरलं. तंबूत कूस बदलल्याचा आवाज आला, खोकल्याचा आला, आणि मग पुन्हा ते भरदार, देवासारखं घोरणं सुरू झालं.

साडेपाचपर्यंत पाच मासे झाले. उजेड पाण्यावर पसरला तसे वॉलआय खोल निघून गेले. मिल्काने पाचही दोरीत ओवले. हसता हसता तिचे डोळे कधी भरून आले ते तिलाच कळलं नाही. तिला अल्बिनची फार आठवण आली. तो इथेच बसायचा, याच फळीवर, भावाचं घोरणं ऐकत, एकटाच हसत. आणि मेल्याने अठ्ठावीस वर्षांत घरी येऊन एक अक्षर सांगितलं नाही. तिने असतं ठेवलं पोटात.

"आता?" सिग्नेने विचारलं. "जायचं काठावर?"

"वेडी आहेस? टोकामागे जाऊन थांबायचं. आठ वाजता यायचं. ऐटीत."

कॉफी उकळायच्या वेळेला हिरवी होडी टोकामागून बाहेर आली. सिरिल हातात किटली घेऊन उभा होता. मिल्काने दोरी वर उचलली. पाच सोनेरी मासे उन्हात चमकले.

सिरिलचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. "कुठे मिळाले?"

"जागा कोणी विचारतं का?" मिल्का म्हणाली. "नकाशावर फुली होती, आम्ही आपल्या..."

"फुलीवर? शक्यच नाही!" सिरिल ओरडला. "फुलीवर नुसते बास आहेत! बावीस वर्षं मी तिथे..."

तो थांबला. किटलीतून कॉफी त्याच्या बुटावर सांडत होती.

"बावीस वर्षं काय, सिरिल?" सिग्नेने गोड आवाजात विचारलं.

मग सगळंच बाहेर आलं. एकदा अल्बिन लाकडं आणायला गेला असताना सिरिलने त्याच्या पेटीतला नकाशा बघितला होता. तेव्हापासून दरवर्षी दुपारी, मी जरा वल्हं मारून येतो म्हणत तो त्या फुलीवर जाऊन बसायचा आणि बास पकडून परत यायचा.

"म्हणजे तिथे वॉलआय नाहीत हे तुला ठाऊक होतं," मिल्का म्हणाली. "म्हणून हात इतक्या चटकन पुढे आला! माझ्याच टेबलावर, माझाच पोटीत्सा खाऊन!"

"चारच काप खाल्ले," सिरिल पुटपुटला.

दुपारी गुलाबी खडकावर चूल पेटली. सिग्नेने मासे सोलून काप काढले, मक्याच्या पिठात घोळवले आणि चरबीत तळले. सिरिलला कांदे चिरायला बसवलं होतं. तो मुकाट्याने जेवला, पोटभर जेवला, बोटं चाटली, आणि मग पाठ करून पुन्हा उरलेले कांदे चिरत बसला, खरं तर ते कोणालाच नको होते.

"होडी तुझी, वहिनी," तो तसाच म्हणाला. "हिरवी राहू दे. मला होडी हवी होती, नाही असं नाही. पण वाटलं, ती आली की कधीतरी जागाही सापडेल. सख्खा भाऊ होता माझा. मला काही त्याने त्या लायकीचं समजलं नाही."

मिल्काने ठरवून ठेवलं होतं, की हे गुपित वर्षभर पुरवून पुरवून खायचं. नाताळात सिरिलला चिडवायचं, ईस्टरला चिडवायचं. पण कांद्यावर वाकलेली ती पाठ हुबेहूब अल्बिनची होती. त्याला कांद्याने रडू आलं होतं की कशाने, ते तिला कळेना, आणि चिडवण्यातली मजाच गेली.

"उद्या चारला ऊठ," ती म्हणाली.

सिरिलची सुरी थांबली. "काय म्हणालीस?"

"चारला. जागा सांगणार नाही मी. दाखवीन."

तो तिच्याकडे बघतच राहिला, चमत्कारिक नजरेने. मग त्याने मान हलवली आणि सुरी पुसून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला त्याला उठवावं लागलं नाही. तो बूट घालून काठावर बसलेला होता. सिग्नेने होडीतली आपली जागा त्याला दिली होती आणि ती झाडांतल्या तंबूत झोपली होती. सिरिल बापाच्या होडीत पुढे बसला, कारण मागची फळी आता मिल्काची होती.

"किती लांब आहे?" त्याने वल्हं उचलत विचारलं.

"मार तू."

त्याने सहा-सात वल्ही मारली असतील, तोच मागे धोंडा पाण्यात गेल्याचा आवाज आला. लाल लोकर पाण्याला टेकली. सिरिलने चमकून मागे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि मग काठाकडे. काठावर त्याचाच तंबू होता. दोरीवर त्याचेच ओले मोजे लटकत होते.

"इथे?"

"इथेच. तू घोरायचास ना, तोवर."

तो खदखदून हसेल किंवा चिडेल, अशी तिची अटकळ होती. त्यातलं काहीच झालं नाही. त्याने जळू लावून गळ सोडला, काठी होडीच्या कडेला टेकवली आणि तो मोज्यांकडे बघत राहिला. मागे झाडांत सिग्नेचं घोरणं सुरू झालं.

"दरवर्षी," सिरिल शेवटी म्हणाला. "दरवर्षी दुसऱ्या रात्री माझ्या तंबूशी वाकून म्हणायचा, 'सिरिल, उद्या चारला ऊठ, जागा दाखवतो.' मला वाटायचं, थट्टा करतोय. मी म्हणायचो, चारला कोण उठतं? जा तू."

पायाशी पडलेलं अल्बिनचं जुनं वल्हं मिल्काने उचलून मांडीवर घेतलं. फक्त पहाटे लवकर उठायचं, तो तिलाही म्हणायचा.

"सिरिल," ती थोड्या वेळाने म्हणाली, "काठी बघ."

काठीचं टोक हळूहळू पाण्याकडे वाकत होतं. सिरिलने बाहीने डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी ती धरली.